शून्य शून्य शून्य नऊ

थंडरबर्ड हा माझा मेलचा प्रोग्राम. तो चालू केला की कोपऱ्यातून एक चौकट डोकवायची, नवीन व्हर्जन आलंय, घेता का. मी म्हणायचो, नंतर. एकदोनदा नाही, वर्षानुवर्षं. शेवटी ती चौकट येणंच मी सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाकलं. माझं व्हर्जन होतं ६०, म्हणजे २०१८ सालचं. त्यानंतर २०१९ ला ६८ आलं, २०२० ला ७८, मग ९१, १०२, ११५, दरवर्षी एक मोठं व्हर्जन येत गेलं आणि मी आपला तिथेच, साठी ओलांडायला तयारच नाही.

कुणी विचारलंच तर कारण तयार होतं, एक जुनं अॅड-ऑन आहे ना, प्रोग्रामला जोडायचा छोटा पुरवणी-प्रोग्राम, ते नव्यात चालत नाही. ते तसं खोटं नव्हतं. ६८ मध्ये जुन्या पद्धतीची बरीच अॅड-ऑन्स बंद पडली आणि ७८ ला तर तो सगळा प्रकारच मोडीत निघाला. पण हे अॅड-ऑन मी शेवटचं कधी वापरलं ते मलाही आठवत नव्हतं. खरं कारण भीती हेच, कारण माझे मेल एकदा गेले होते.

तेव्हा कॉम्प्युटर फॉरमॅट करायचा होता. दुसराच मेल प्रोग्राम होता तेव्हा, नाव घेत नाही, त्याची काहीच चूक नव्हती. मी मन लावून सगळं कॉपी केलं, फोटो घेतले, गाणी घेतली, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉपवरचा पसारा, अगदी ब्राउझरचे बुकमार्कसुद्धा, आणि मेल घेतले नाहीत. विसरलो असं म्हणता येणार नाही, कारण मेल 'घ्यायचे असतात' हेच डोक्यात नव्हतं. माझी समजूत अशी की मेल त्या प्रोग्राममध्ये असतात, आणि प्रोग्रामची सीडी तर माझ्याकडे आहे, मग काय, परत टाकला की आलेच. परत टाकला. इनबॉक्समध्ये एकच मेल होता, प्रोग्रामनेच पाठवलेला, आपले स्वागत असो वगैरे. चार वर्षांचे मेल गेले, आणि सर्व्हरवरही काही नव्हतं, कारण पॉप होतं, म्हणजे मेल सर्व्हरवरून आपल्या मशीनवर उतरवून घ्यायची पद्धत, आणि उतरवून घेतले की सर्व्हरवरून काढून टाक अशी सेटिंग मीच ठेवलेली, जागा वाचावी म्हणून.

त्या दिवसापासून मेल प्रोग्रामला हात लावायचा म्हटलं की पोटात गोळा. बाकी सगळं मी बिनधास्त अपडेट करतो, फोन म्हणू नका, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणू नका. मेल मात्र नाही.

यावेळी इलाज नव्हता. माझ्या मेलवाल्यांनी कळवलं की आता नुसता पासवर्ड देऊन मेल उतरवता येणार नाही, ओऑथ लागेल, म्हणजे ते ब्राउझरसारखं पान उघडून तिथे लॉगिन करायचं आणि प्रोग्रामला फक्त एक परवाना मिळणार, पासवर्ड नाही. जीमेलने हे ३० मे २०२२ पासूनच सुरू केलंय, बाकीचे हळूहळू त्याच वाटेने चाललेत. विचार चांगलाच आहे, पण माझ्या साठ नंबरला ते जमेना. म्हणजे आता अपडेट नाही केलं तर जुने मेल जपून राहतील आणि नवीन मात्र एकही येणार नाही. असा संग्रह करून तरी काय करायचं.

मग एका शनिवारी बसलो. आणि पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नीट शोधलं की हे मेल असतात तरी कुठे.

विंडोजमध्ये ते अॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतात. लपवलेलं म्हणजे अक्षरशः, हिडन फायली दाखव असं सांगितल्याशिवाय ते दिसत नाही, आणि माझ्यासारख्यांचे मेल जातात ते बहुतेक याच एका गोष्टीमुळे असं माझं मत झालंय. तिथे रोमिंग, त्यात थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स, आणि त्यात एक फोल्डर ज्याच्या नावात आधी आठ काहीच्या काही अक्षरं, मग टिंब आणि डिफॉल्ट. बस, एवढंच. मेल, पत्ते, फिल्टर, पासवर्ड, सह्या, सगळं या एका फोल्डरात. प्रोग्राम बसतो तो भलत्याच ठिकाणी, प्रोग्राम फाइल्समध्ये, आणि अपडेट होतं ते तिथे. प्रोग्राम पुसला, परत टाकला, पुन्हा पुसला, तरी हे फोल्डर जागचं हलत नाही. हे वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!

कॉपी करायची तर थंडरबर्ड पूर्ण बंद करून, हे एक पथ्य. चालू असताना आतल्या काही फायली अर्धवट लिहिलेल्या असतात, कॉपी होते पण ती कॉपी म्हणजे चालत्या माणसाचा फोटो, एक पाय हवेतच. आणि फोल्डर घ्यायचं ते अख्खं, 'मला फक्त मेल हवेत' असा शहाणपणा करायचा नाही, कारण कुठली फाइल कशाला लागते ते आपल्याला माहीत नसतं. पासवर्डच्या दोन फायली असतात, एकीत कुलूपबंद पासवर्ड आणि दुसरीत किल्ली, एकच घेतली तर उपयोग शून्य. पॉपस्टेट नावाची एक चिमुकली फाइल असते, सर्व्हरवरचे कुठले मेल उतरवून झालेत याची ती यादी. ती राहिली तर प्रोग्रामला वाटतं की आपण काहीच उतरवलेलं नाही, मग सर्व्हरवर जेवढे शिल्लक असतील तेवढे सगळे परत येतात आणि प्रत्येक मेलची जुळी भावंडं दिसायला लागतात.

तर पेनड्राइव्ह लावला, कॉपी सुरू केली, चहूकडे हिरवं हिरवं, आणि मध्येच थांबलं. इनबॉक्स ही फाइल फार मोठी आहे म्हणे. पेनड्राइव्हवर तीस जीबी मोकळी आणि फाइल चार पॉइंट तीन जीबीची, मग मोठी कशी? तर पेनड्राइव्ह होता फॅट३२ वर फॉरमॅट केलेला, आणि त्या पद्धतीत एकेक फाइल ४ जीबीच्या आतच लागते, बाकी कितीही जागा असो. एक्सफॅट करून घेतला तेव्हा गेली. पण समजा मी तो मेसेज न वाचता 'स्किप' दाबलं असतं (आणि घाईत आपण दाबतोच की), तर बॅकअप झाला या समाधानात मी पुढे गेलो असतो आणि त्या बॅकअपमध्ये इनबॉक्स सोडून सगळं असतं.

म्हणून म्हटलं, ही कॉपी उघडून तपासायची. आणि इथे माझा अख्खा शनिवार गेला.

ही जी इनबॉक्स नावाची फाइल आहे तिला शेपूट नाही, म्हणजे टिंब-काहीतरी नाही, नुसतंच इनबॉक्स. हा एमबॉक्स नावाचा प्रकार, १९७० च्या दशकातल्या युनिक्सपासून चालत आलेला. आणि तो इतका साधा आहे की बघितल्यावर आधी हसूच येतं. सगळे मेल एकाखाली एक, एकाच लांबलचक टेक्स्ट फाइलमध्ये, एखाद्या वहीत उतरवून काढावेत तसे. नवीन मेल कुठे सुरू होतो ते कसं ओळखायचं? तर ओळीच्या सुरुवातीला इंग्रजीतलं 'फ्रॉम' आणि एक मोकळी जागा आली की समजायचं, नवीन मेल. मग कुणी मेलच्या मजकुरातच ओळीच्या सुरुवातीला तो शब्द लिहिला तर? तर त्याच्या आधी एक कंसासारखी खूण टाकायची, झालं काम. शेजारी त्याच नावाची एमएसएफ शेपटीची फाइल असते, ती अनुक्रमणिका, कुठला मेल वहीत कितव्या जागी आहे ते सांगणारी. यादी विचित्र दिसायला लागली, मेल रिकामे दिसले, एकावर क्लिक केलं तर दुसराच उघडला, असं झालं की ती अनुक्रमणिका बिघडलेली असते, वही नाही. प्रोग्राम बंद करून ती पुसली तर तो वही वाचून नवी बनवतो. फक्त पुसताना शेपूट बघून पुसावी, शेपूट नसलेली पुसली तर मग देवच राखो. आणि एक फाइल म्हणजे सगळा इनबॉक्स, त्यामुळे अँटिव्हायरसला आतल्या एका फुटकळ मेलचा संशय आला आणि त्याने फाइल उचलून कोठडीत टाकली तर अख्खा इनबॉक्सच आत जातो, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

नोटपॅडने चार जीबीच्या फाइलपुढे हात टेकले. मोठ्या लॉग फायली बघायचा एक छोटा प्रोग्राम मिळाला, त्यात कॉपी उघडली. मूळ नाही, कॉपी, एवढी अक्कल होती. बराचसा भाग नुसती अक्षरांची खिचडी, अटॅचमेंट्स सगळ्या बेस६४ मध्ये असतात ना, तीन बाइटची चार अक्षरं करून लिहिलेल्या, म्हणूनच त्या मेलमध्ये गेल्या की तिसऱ्या हिश्श्याने फुगतात. आणि गंमत म्हणजे माझे देवनागरीतले मेलसुद्धा त्या खिचडीतच, एक अक्षर वाचता येईना. वाचता येत होते ते इंग्रजीतले, आणि पूर्वी आपण इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचो ते. 'काय रे कसा आहेस' अशी सगळी रोमन मराठी, दहा-बारा वर्षांपूर्वीची, तशीच्या तशी, आज लिहिल्यासारखी.

ती वाचत खाली खाली जात होतो तेव्हा एका मित्राचा मेल आला.

आता याच्यात विशेष काय, इनबॉक्समध्ये मित्राचा मेल असणारच. पण हा असायला नको होता. हा मी डिलीट केला होता, २०१३ मध्ये, रागाच्या भरात, आणि मग ट्रॅशही रिकामा केला होता, हे मला लख्ख आठवत होतं. आमचं वाजलं होतं. कशावरून ते इथे सांगत नाही, आता सांगायला गेलो तर मलाच ते कारण लहान वाटेल. त्याने तीन ओळी लिहिल्या होत्या. तुझं म्हणणं बरोबर असेल, माझंही बरोबर असेल, पण एकदा फोन तरी कर. खाली नाव. बस.

हे इथे कसं राहिलं ते मग वाचून काढलं. आपण मेल डिलीट करतो तेव्हा वहीतून पान फाडलं जात नाही. मोठ्या फाइलच्या मधलं काही काढायचं म्हणजे पुढचं सगळं मागे सरकवायचं, म्हणजे फाइल परत लिहायची, प्रत्येक डिलीटला कोण एवढं करणार. म्हणून मेलची एक प्रत ट्रॅशमध्ये जाते आणि इनबॉक्समधल्या मूळ मेलवर फक्त शिक्का बसतो, हा दाखवू नकोस. खरी साफसफाई होते ती कॉम्पॅक्ट केल्यावर, तेव्हा प्रोग्राम शिक्केवाले मेल गाळून नवी फाइल लिहितो आणि जुनीच्या जागी ठेवतो. थंडरबर्ड ते अधूनमधून विचारतंही, इतकी इतकी जागा वाचेल, करू का कॉम्पॅक्ट. आणि मी, पोळलेला माणूस, दरवेळी काय म्हणणार? नंतर आठवण कर. सव्वाचार जीबीचं रहस्य ते हेच, त्यातला निम्मा तर मी कधीच टाकून दिलेला कचरा होता.

तो शिक्का म्हणजे मेलच्या डोक्यावरची एक ओळ, एक्स-मोझिला-स्टेटस, आणि पुढे चार आकडे. प्रत्येक गोष्टीला एक किंमत आहे. मेल वाचला की १. उत्तर दिलं की २. तारा लावला की ४. काढून टाकला की ८. जे जे केलं असेल त्याची बेरीज करून लिहायची.

त्याच्या मेलवर होतं ०००९.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. आठ आणि एक. वाचला आणि काढून टाकला. दोनची बेरीज त्यात नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की तो मेल मी धड वाचलाच नव्हता, नाव बघितलं आणि उडवला. तो १ तसा प्रिव्ह्यूमध्ये उघडला गेल्यामुळेही पडला असेल म्हणा, प्रोग्रामला काय कळतंय डोळे कुठे होते ते. पण मला त्या तीन ओळी वाचायच्या आधीच पाठ होत्या.

असो. अपडेट राहिलंय.

एकदम ११५ वर उडी न मारता पायरी पायरीने जायचं ठरवलं, कारण ७८ मध्ये पत्त्यांची वही जुन्या पद्धतीतून एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये जाते आणि ते स्थित्यंतर मला चुकवायचं नव्हतं. आणि हे सगळं एकदिशा आहे. नव्या व्हर्जनने एकदा प्रोफाइल, म्हणजे ते मेलचं फोल्डर, उघडलं की जुनं व्हर्जन त्याला हात लावत नाही, हे नव्याने वापरलेलं आहे, तुम्ही नवीन प्रोफाइल करा म्हणतं. मागे यायचा रस्ता म्हणजे ती कॉपी. म्हणून ती आधी.

६८ व्यवस्थित झालं. मग ७८ उतरवलं, टाकलं, चालू केलं, आणि समोर कोरी पाटी. तुमचं नाव लिहा, ईमेल लिहा, पासवर्ड लिहा, अकाउंट जोडा. डावीकडे काही नाही. इनबॉक्स नाही, फोल्डर नाहीत, काही नाही.

कॉपी खिशात होती, प्रत्यक्ष खिशात, शर्टाच्या, तरीसुद्धा हात गार पडले. आणि त्या पाच मिनिटांत माझ्या मनात काय काय आलं ते सांगतो, कारण माझी आता खात्री आहे की मेल अपडेटमध्ये जात नाहीत, ते या पाच मिनिटांत जातात. पहिला विचार, अकाउंट जोडूनच टाकू, मेल येतीलच. जोडलं असतं तर आलेही असते, सर्व्हरवर शिल्लक असलेले थोडे, या कोऱ्या पाटीवर, आणि मग अर्धा संसार इथे अर्धा तिथे. दुसरा विचार, अनइन्स्टॉल करून परत टाकू. तिसरा सगळ्यात वाईट, ते प्रोफाइल्स फोल्डर उघडू, त्यात आता दोन दिसतायत, एक नक्कीच चुकीचं आहे, पुसून टाकू. माऊस तिथपर्यंत नेला होता मी!

मग उठलो, पाणी प्यायलो, परत येऊन बसलो.

चूक माझीच होती. जुनं थंडरबर्ड ३२ बिटचं, आणि ७८ घेताना मी ६४ बिटचं घेतलं, ते बसलं दुसऱ्याच फोल्डरात. आणि ६७ नंतर थंडरबर्डचा नियम असा आहे की वेगळ्या फोल्डरातलं इन्स्टॉलेशन म्हणजे वेगळा भाडेकरू, त्याला वेगळी खोली. माझं जुनं प्रोफाइल ६८ च्या नावावर लागलेलं, म्हणून ७८ ला नवीन कोरी खोली मिळाली. सामान सगळं जुन्या खोलीत, जसंच्या तसं. हेल्प मेनूतून ट्रबलशूटिंगच्या पानावर गेलो, तिथून प्रोफाइल्सच्या यादीत, दोन नावं दिसली, जुन्यावर क्लिक करून हेच डिफॉल्ट असं सांगितलं, बंद करून चालू केलं. सगळं आलं, आणि मी चक्क स्क्रीनला 'थँक्यू' म्हणालो.

लोक म्हणतात आता आयमॅप लाव, मग कसली चिंताच नको, सगळं सर्व्हरवर. बरंचसं खरं आहे. पॉप १९८४ चं, त्याची कल्पनाच मुळी पेटीतून टपाल काढून घरी न्यायची होती, आणि दोनच वर्षांनी १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप आणलं, टपाल पेटीतच राहू दे, तिथेच वाच. पण आयमॅप म्हणजे आरसा, बॅकअप नव्हे, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. आणि लोकल फोल्डर्समध्ये हौसेने लावून ठेवलेलं जे काही असतं ते कुठल्याच सर्व्हरवर नसतं, हे बऱ्याच आयमॅपवाल्यांच्या गावीही नसतं.

पुढच्या पायऱ्या सरळ गेल्या. ११५ ला सगळं रूपच पालटलं, शोधायची पट्टी थेट डोक्यावर जाऊन बसली, दोन दिवस चिडचिड केली आणि मग सवय झाली. ओऑथचं पान उघडलं, लॉगिन केलं, नवीन मेल धडाधड यायला लागले. आणि चौथ्या दिवशी ती ओळखीची चौकट आली. कॉम्पॅक्ट करू का, दोनएक जीबी वाचेल.

नंतर आठवण कर म्हणालो. पण यावेळी थंडरबर्ड बंद केलं, नवी कॉपी घेतली, आणि इनबॉक्सची मूळ फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला एकेक बाइट बदलता येतो अशा प्रोग्राममध्ये, उघडली, नसते उद्योग. फाइलची लांबी बदलायची नव्हती, एकच अक्षर बदलायचं होतं. ९ च्या जागी १. सेव्ह केलं. एमएसएफची फाइल पुसली, शेपूट दोनदा वाचून. चालू केलं तर खाली पट्टी सरकायला लागली, अनुक्रमणिका नव्याने बनतेय, वेळ लागला चांगलाच. मग २०१३ पर्यंत खाली गेलो. दोन बिलांच्या आणि कुठल्याशा जाहिरातीच्या मध्ये तो होता. तीन ओळी, खाली नाव, कधी कुठे गेलाच नव्हता असा.

मग कॉम्पॅक्ट केलं. बाकीचे शिक्केवाले गेले, त्यांत आणखी कोण कोण होतं ते बघितलं नाही.

मेलच्या वर रिप्लायचं बटण आहे. उत्तर पाठवलं की तो आकडा आपोआप ०००३ होतो. त्याचा हा पत्ता अजून चालू आहे की नाही ते पाठवल्याशिवाय कळणार नाही. दोनदा लिहायला घेतलं, एकदा देवनागरीत, एकदा त्याच जुन्या रोमनमध्ये, दोन्ही ड्राफ्टमध्ये पडलेत. काल रात्री परत फाइल उघडून बघितली. अजून ०००१ आहे.